मागून मोजणारे नाना

नाना, तुमचं सुतक फिटून गंधमुक्ती होऊन चारच दिवस झाले होते आणि तुमच्या पिंप्राळ्याच्या अंगणात एक ट्रॅक्टर येऊन उभा राहिला. मागच्या हुकाला मनगटाएवढ्या जाडीची साखळी. तुम्ही असता तर त्या साखळीकडे कसं पाहिलं असतं, ते मला हुबेहूब करून दाखवता येतं. चष्मा कपाळावर, खालचा ओठ बाहेर, आणि समोरच्याने लाज वाटून साखळी पाठीमागे लपवावी इतका वेळ गप्प. त्या दिवशी मी ते करून दाखवलं नाही. साखळी तुमच्या गाडीसाठी आणलेली होती.

साखळी आणणारे तुमचे जावई दिलीपराव. त्यांचाही दोष नाही. तुमच्या कारभारीण, आमच्या अक्का, आता धुळ्याला लेकीकडे, सुनंदाकडे राहणार. इकडची जागा संध्याकाळी पाचच्या आत नव्या मालकाच्या ताब्यात द्यायची. घरातली भांडी, गाद्या, तुमचा पत्र्याचा पेटारा, सगळं आदल्या दिवशीच गेलं होतं. अंगणात उरला होता तो तुमचा गोल नाकाचा, पेट्रोलवर चालणारा जुना ट्रक. दोन महिने जागचा हलला नव्हता, आणि तेवढ्यात उंदरांनी इंजिनातल्या तारा कुरतडून ठेवल्या होत्या. सुनंदाने धुळ्याला अंगणात त्याच्यासाठी पत्र्याचं छप्परही घालून ठेवलं होतं. प्रश्न एवढाच, न्यायचा कसा?

"टोचन लावून नेऊ," दिलीपराव म्हणाले. "नव्वद किलोमीटर. चार-पाच तासांचं काम."

अक्का ओट्यावर बसल्या होत्या. तुमच्यामागे त्यांचा आवाज कोणी फारसा ऐकला नव्हता. तेव्हा ऐकला.

"साखळी लावनी व्हई ते पहिले मना गळाले लाव."

दिलीपरावांनी साखळी खाली ठेवली. ट्रॅक्टरवाल्या भिकाने ती उचलली, कारण त्याला हातात काहीतरी लागतंच. तुमची गाडी चाळीस वर्षांत कधी टोचन लावून कुठे गेली नाही, हे जळगावपासून पारोळ्यापर्यंतच्या प्रत्येक धाब्यावर तुम्ही ऐकवलेलं. आणि अक्कांना ती मान खाली घालून, साखळीने ओढत, पिंप्राळ्याच्या रस्त्यावरून जाताना पाहायची नव्हती.

मग मी काय केलं असेल, तुम्ही ओळखलंच असणार. मी ओट्यासमोर उभा राहिलो, छातीवर हात ठेवला आणि म्हणालो, "अक्का, गाडी स्वतःच्या पायांनी जाईल. हा बापूचा शब्द."

सकाळचे साडेनऊ वाजले होते. माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे, गॅरेज नाही, हे त्या क्षणी माझ्या लक्षात राहिलं नाही.

"बापू, चालू करशी ना?" अक्कांनी विचारलं.

"दोन तासांत."

*

नाना, तुमच्याबद्दलचा माझा एक किस्सा आहे. तुम्हाला सांगायची गरज नाही, तुम्ही तो शंभरदा तरी समोर बसून ऐकलाय. पण हे वाचणाऱ्याला ठाऊक नसेल, म्हणून सांगतो.

डिस्ट्रीब्यूटर म्हणजे पंगतीतला वाढपी. ही उपमा तुमचीच. सहा सिलिंडर म्हणजे सहा पानं. मधला रोटर गोल फिरतो आणि टोपीतून निघालेल्या सहा तारांमधून एकेकाला ठिणगी वाढतो. पण ओळीने वाढायचं नाही. पहिल्यानंतर पाचवा, मग तिसरा, सहावा, दुसरा, चौथा. "शेजारी बसलेल्या दोघांना लागोपाठ वाढलं तर पंगत हलते," तुम्ही म्हणायचात. आणि मोजणी कुठून सुरू करायची, ते गाडीच्या पुस्तकात दिलंय: टोपीचं पुढचं घर, तिथे पहिली तार.

तुमच्या गाडीत मात्र पहिली तार मागच्या घरात होती. सगळ्याच तारा बरोबर समोरासमोर उलट्या. त्याचं कारण माझं लग्न.

बोदवडला लग्न होतं. वऱ्हाड तुमच्याच ट्रकमधून निघणार होतं. सकाळी सगळे चढून बसले आणि गाडी सुरूच होईना. नुसता फाटफाट आवाज, कार्बोरेटरमधून धूर. आमचे मोठे आबा, ज्यांना गाय डावीकडून गेली तरी चालत नसे, ते खाली उतरले आणि म्हणाले, "हा अपशकुन कोणामुळे झाला?" बायका कुजबुजायला लागल्या. तेवढ्यात तुम्ही बोनेट उघडलं, एक नजर टाकली, फडक्याने टोपी पुसली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडलात, "काही अपशकुन नाही आबा! मी मूर्ख आहे! काल तारा उलट्या लावल्या मीच!" दहा मिनिटांत तुम्ही सहाच्या सहा तारा समोरासमोर बदलल्या. गाडी सुरू. वऱ्हाड बोदवडला वेळेवर.

नंतर मी पुस्तकात पाहिलं आणि खुशीने उडालोच. तारा आधी बरोबर होत्या! पुस्तकाप्रमाणे आता उलट्या झाल्या होत्या! मी तुम्हाला भर चौकात गाठलं. तुम्ही म्हणालात, "मी मागून मोजतो." मी म्हणालो, "नाना, जगात कोणी मागून मोजत नाही." तुम्ही म्हणालात, "गाडी चालस ना? मंग बठ्ठं बरोबर शे."

झालं. सत्तावीस वर्षं मला एक किस्सा मिळाला. बारशाला, साखरपुड्याला, दुकानात गिऱ्हाईक नसताना, मी तो केला. 'मागून मोजणारे नाना.' तुमची चाल, तुमचा चष्मा, तुमचं "मी मूर्ख आहे" हे वाक्य मी असं करून दाखवायचो की लोक पोट धरून हसायचे. शेवटच्या आठवड्यात तुम्हाला भेटायला आलेल्या पाहुण्यांसमोरसुद्धा मी तो केला. खाटेवर पडल्या पडल्या सगळ्यात जास्त तुम्ही हसलात. इतके की अक्कांनी तुमच्या पाठीवर थोपटलं आणि माझ्याकडे डोळे वटारले. मग तुम्ही दम खाल्लात आणि मला जवळ बोलावलं. "बापू, त्या तारा बदलशी तवय एकेक काढजो. बठ्ठ्या एकदम काढू नको."

मला वाटलं, म्हातारा घाबरलाय. आपली उलटी मोजणी पकडली जाईल म्हणून.

*

त्या सकाळी मी सहाच्या सहा तारा एकदम काढल्या.

खरं सांगतो, मुद्दाम काढल्या. दुकानातून नव्या तारांचा संच आणला, सोबत ते जुनं पुस्तक आणलं, मडगार्डवर उघडं ठेवलं आणि एकेक तार पुस्तकाप्रमाणे, पुढच्या घरापासून लावली. सत्तावीस वर्षांचा वाद मला जिंकायचा होता, आणि समोर वाद घालायला कोणी नव्हतं. यापेक्षा चांगली संधी कुठली?

"सेल मारा," मी दिलीपरावांना म्हणालो. ते केबिनमध्ये बसले होते. इंजिन दोनदा घुमलं, आणि फाड्कन् आवाज झाला. कार्बोरेटरच्या तोंडातून हातभर जाळ निघाला. माझ्या उजव्या भुवईचे केस गेले, ते अजून आलेले नाहीत. पेट्रोलच्या नळीपासून जाळ वीतभर अंतरावर होता. मी मागे सरकलो आणि पायातल्या पान्यावरून घसरून पडलो. ओट्यावरच्या अक्का कधी उठल्या ते कळलं नाही. पाण्यात बुडवलेलं गोणपाट त्यांनी कार्बोरेटरवर आपटलं आणि दोन्ही हातांनी दाबून धरलं. जाळ विझला. त्यांच्या हातातल्या काचेच्या बांगड्या आता नव्हत्या, तरी मला वाटलं त्या वाजल्या.

"यासनी दोन महिना आजारपण काढं," अक्का म्हणाल्या, "मनी गाडी पेटली नव्हती."

भिकाने साखळी वाजवली. "भाऊ, लावू का टोचन?"

दिलीपराव केबिनमधून उतरले. त्यांचा चेहरा उतरला होता. "बापूभाऊ, सासरे मागून मोजायचे ना? तुम्हीच सांगता. मग तसंच लावा की."

त्यांचं बरोबर होतं, नाना. पण माझी भुवई जळाली होती आणि अंगणात आता आजूबाजूची दहा-बारा माणसं जमली होती. प्रेक्षक दिसला की माझं काय होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे.

"थांबा," मी म्हणालो. "आज याच्या मुळाशी जायचं."

पहिल्या सिलिंडरचा प्लग काढला, भोकावर अंगठा धरला आणि भिकाला पुढून हँडल फिरवायला सांगितलं. हवेचा दाब अंगठा उडवून लावतो, तेव्हा त्या सिलिंडरला ठिणगी हवी असते. पुलीवरची खूण मात्र फसवी. ती दोनदा समोर येते: एकदा ठिणगीच्या वेळी, एकदा धूर बाहेर टाकताना. डोळ्याला दोन्ही सारख्याच. फरक अंगठ्यालाच कळतो. हे मला दुकानात बसून, मेकॅनिक लोकांची बोलणी ऐकून कळलेलं. तरुणपणी ठाऊक नव्हतं.

अंगठा उडाला. मी टोपी उचलून पाहिलं. रोटर मागच्या घराकडे तोंड करून उभा होता.

नाना, मी नाचलो. शब्दशः नाचलो. "सापडलं! मंडळी, सापडलं! नानांनी तारा उलट्या लावल्याच नाहीत! नानांनी अख्खा डिस्ट्रीब्यूटर अर्धा फेरा उलटा बसवलाय! तो उलटा, म्हणून ताराही उलट्या! म्हणून गाडी चालत होती! सत्तावीस वर्षं!" लोक हसले. अक्का हसल्या नाहीत. मी म्हणालो, "आता मी हा काढतो, सरळ करतो, आणि नानांची चूक कायमची मिटवतो."

बोल्ट ढिला केला. डिस्ट्रीब्यूटर दोन्ही हातांनी धरून, एखादा जादूगार टोपीतून कबूतर काढतो तसा, वर उचलला.

खाली पॅकिंग होतं. तेल मुरून काळंतपकिरी झालेलं, जाड कागदाचं. मी नखाने ते सोडवलं आणि उन्हात धरलं.

त्यावर गणपतीची अर्धी सोंड होती. लाल अक्षरांत "शुभवि" एवढं वाचता येत होतं. आणि बोल्टांसाठी दोन भोकं हवी असताना तीन होती. एक जरा बाजूला, चुकून पाडलेलं.

ते भोक मी पाडलं होतं.

*

मला सगळं एका क्षणात आठवलं असं म्हटलं, तर ते किश्श्यात शोभेल. खरं म्हणजे मी ते कधी विसरलोच नव्हतो. फक्त त्याला काही अर्थ आहे, हे ठाऊक नव्हतं.

हळदीचा दिवस होता. ऊन कलायला लागलं होतं. डिस्ट्रीब्यूटरच्या बुडाशी तेल ठिबकत होतं आणि माझ्या डोक्यात एकच विचार: उद्या नवरीच्या दारात आपल्या गाडीखाली तेलाचं थारोळं! हळद लागलेल्या नवरदेवाने घराबाहेर पडायचं नसतं. मी मागच्या दाराने पडलो. तुम्ही जेवायला गेला होतात. उरलेल्या लग्नपत्रिकेचं पॅकिंग कापलं, आणि कशाने? नवरदेवाच्या हातात असते त्या कट्यारीने, टोकाचं लिंबू काढून. एक भोक चुकलं, दुसरं पाडलं. पुलीवरची खूण जुळवली, डिस्ट्रीब्यूटर बसवला, बोल्ट आवळला, तारा होत्या तशा ठेवल्या आणि परत येऊन पाटावर बसलो. खूण जुळली होती. मला वाटलं, बरोबर बसलं. ती खूण दोनदा येते, हे मला कुठे ठाऊक होतं?

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही बोनेट उघडलंत आणि आधी फडक्याने टोपी पुसलीत. बराच वेळ पुसलीत. मी सत्तावीस वर्षं त्याची नक्कल करतोय, पुसण्याची. लोकांना ती फार आवडते. तुम्ही माझी हळद पुसत होतात, नाना. टोपीवर माझ्या पाच बोटांची हळद होती, आणि आबा चार हातांवर उभे होते.

तुम्ही नंतर कधीही तो डिस्ट्रीब्यूटर उचलला नाहीत. "उघडलं की पॅकिंग नवं, दुसऱ्याचं उष्टं मी लावत नाही," हा तुमचा नियम. तुम्ही एकदाही उघडलं असतं, तर माझी पत्रिका तिथे राहिली नसती. म्हणजे उलटं बसवणारा मी, आणि तुम्ही फक्त तारा फिरवून ते सांभाळून घेतलंत. आणि वर भर वऱ्हाडासमोर, "मी मूर्ख आहे."

"काय सापडनं रे, बापू?" अक्कांनी विचारलं.

अंगणातली सगळी माणसं माझ्याकडे पाहत होती. नाना, मला जन्मात पहिल्यांदा प्रेक्षक नकोसे वाटले.

"काही नाही," मी म्हणालो. "पॅकिंग आहे जुनं."

बघा, किती सोपं होतं. सत्तावीस वर्षांपूर्वी तुम्ही एका दमात माझी चूक अंगावर घेतलीत, आणि माझ्याने माझीच घेववली नाही.

*

आता मला दोन्ही येत होतं. डिस्ट्रीब्यूटर सरळ बसवून तारा पुढून मोजता आल्या असत्या. पुस्तक उघडंच होतं. मी पुस्तक मिटलं. पत्रिकेचं पॅकिंग फडक्याने पुसून तिथेच ठेवलं, रोटरचं तोंड मागे करून डिस्ट्रीब्यूटर होता तसा उलटा बसवला आणि तारा मागून मोजत लावल्या. पहिला, पाचवा, तिसरा, सहावा, दुसरा, चौथा. तोंडाने मोठ्याने म्हणत होतो. लोकांना वाटलं मंत्र म्हणतोय.

सेल मारला तर बॅटरीने अंग टाकलं. टक, टक, आणि गप्प. दोन वाजले होते. भिका साखळी हुकातून काढून गाडीच्या पुढच्या बाजूला घेऊन आला आणि न विचारता खाली बसला.

"हँडल मारतो," मी म्हणालो.

"भाऊ, सकाळसारखी उलटी उडाली तर मनगट जाईल," भिका म्हणाला. त्याने ते प्रेमाने सांगितलं. आणि खरं होतं. चुकीच्या वेळी ठिणगी पडली की हँडल उलटं फिरतं आणि हाडाचे तुकडे करतं. सकाळी हातभर जाळ ज्या हातांनी काढला, तेच हात आता हँडलला लावायचे. मी तारा बरोबर मोजल्या असतील का? त्या दिवशी मी कोणतीही गोष्ट बरोबर केलेली नव्हती. विश्वास टाकायला एकच गोष्ट होती: तुमची मागून मोजणी.

अंगठा मुठीत नाही, बाकीच्या बोटांच्या बाजूला. हे तुम्ही शिकवलेलं. खालून वर ओढायचं, वरून खाली दाबायचं नाही. हेही. अक्का ओट्यावरून उतरून गोणपाट घेऊन माझ्या बाजूला उभ्या राहिल्या. पहिल्यांदा ओढलं, नुसता श्वास आला. दुसऱ्यांदा हँडल अडलं, पण उलटं आलं नाही. तिसऱ्यांदा मी डोळे मिटले.

गाडी खोकली, थरथरली आणि लागली. तीच तुमची लय, जराशी लंगडी. अक्कांनी गोणपाट तोंडावर धरलं. ते ओलं होतं, त्यामुळे कोणाला काही कळलं नाही.

भिका साखळी गोळा करताना म्हणाला, "बेकार आणली एवढी."

*

एरंडोल, पारोळा, सगळा रस्ता अक्का माझ्या शेजारी बसल्या होत्या. मी एक शब्द बोललो नाही. त्यांनी दोनदा विचारलं, पोट दुखतं का.

माझं भांडण तुमच्याशी चालू होतं, नाना. सांगायचं होतं ना! सत्तावीस वर्षांत एकदा तरी. मी तुमची नक्कल करत होतो, तेव्हा मला एक चिमटा काढायचा होतात. तुम्ही खाटेवर इतके हसलात, ते कशाला? मला तुमचा मोठेपणा मान्य आहे, पण त्यात थोडा खट्याळपणाही आहे, हेही मला कळतं. "तारा एकेक काढजो," म्हणालात. मी ऐकणार नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं. म्हणजे मला वाचवत होतात, की मी ते उघडावं म्हणून खडा टाकत होतात? पारोळ्यापर्यंत मी ठरवत होतो, हे पहिलं. त्यापुढे धुळ्यापर्यंत, दुसरं. अजून ठरत नाही.

धुळ्याला सुनंदाच्या दारात गाडी पोहोचली, तेव्हा सहा वाजले होते. गल्ली गोळा झाली. सुनंदाने बोनेटला कुंकू लावलं आणि तिथेच कपाळ टेकवून रडली. मग चहा आला, सगळे खुर्च्यांवर बसले, आणि दिलीपरावांनी मन हलकं करायला म्हटलं, "बापूभाऊ, तो किस्सा होऊन जाऊ द्या. मागून मोजणारे नाना."

मी उभा राहिलो. सुरुवात नेहमीसारखीच केली. आबा, अपशकुन, बोनेट, फडकं. आणि "मी मूर्ख आहे" इथे आलो, तेव्हा थांबलो. मग खरं ते सांगितलं. कट्यार, पत्रिका, हळद, तिसरं भोक, सगळं. आवाज चढवला नाही. हातवारे केले नाहीत. इतकं साधं मी आयुष्यात कधी काही सांगितलं नसेल.

आणि नाना, लोक हसले. पोट धरून हसले. दिलीपराव डोळे पुसत म्हणाले, "वा! नवा शेवट! कट्यारीने पॅकिंग! बापूभाऊ, तुम्हाला तोड नाही. मेलेल्या माणसाची चूक अंगावर घ्यायला मोठं मन लागतं."

मी म्हणालो, अहो खरं आहे. ते आणखी हसले. मी पाना उचलला आणि गाडीकडे निघालो, डिस्ट्रीब्यूटर काढून ती पत्रिका त्यांच्या नाकासमोर धरायला. अक्कांनी माझा सदरा मागून धरला.

"राहू दे रे भो. गाडी चालस ना?"

त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं, त्यावरून त्यांचा माझ्यावर विश्वास बसला की नाही, मला सांगता येत नाही. पाना मी खाली ठेवला.

म्हणजे तोंडाने मी आता कितीही वेळा सांगितलं, तरी उपयोग नाही. सत्तावीस वर्षं तुमची थट्टा केली, ती सगळ्यांना खरी वाटली. एकदा खरं सांगितलं, तर त्याला टाळी मिळाली. लिहिलेल्याची कोणी नक्कल करत नाही, म्हणून हे लिहिलं. धुळ्याला सुनंदाच्या अंगणात, पत्र्याच्या छपराखाली तुमची गाडी उभी आहे. पुढेमागे कोणी तिचं बोनेट उघडेल. त्याने तारा एकेक काढाव्यात, मागून मोजाव्यात, आणि बुडाचा बोल्ट सोडवायचा झालाच, तर खालचं पॅकिंग उन्हात धरून पाहावं.

तिसरं भोक माझं आहे.